अंदाजपत्रकातली खोडलेली ओळ

माझ्या पहिल्या अनुदान-अर्जाच्या अंदाजपत्रकात चौदा ओळी होत्या. अर्ज पाठवण्याच्या शेवटच्या रात्री त्यांची बेरीज मर्यादेच्या वर जात होती आणि एखादी ओळ काढल्याशिवाय तोंडमिळवणी होणार नव्हती. ध्वनिमुद्रण यंत्र, मायक्रोफोन, प्रवास, शब्दांकन, चित्रकाराचे मानधन, पुस्तिकेची छपाई, शाळांमधली सत्रे, हिशेबनिसाचे शुल्क अशा सगळ्या बाबींवरून मी पुन्हापुन्हा बोट फिरवले आणि प्रत्येकीपाशी थांबून ती का हवी याचे उत्तर स्वतःला दिले. नवव्या क्रमांकावर ‘गोष्टी सांगणाऱ्यांचे मानधन’ अशी ओळ होती. ही माणसे आनंदानेच सांगतात, पैशाचा विषय काढला तर त्यांना अवघडल्यासारखे होईल, असे मी मनाशी म्हटले आणि ती ओळ खोडली. बेरीज जुळली, अर्ज वेळेत गेला आणि तीन महिन्यांनी अनुदान मंजूर झाल्याचे पत्रही आले.

काम असे होते. वृद्ध माणसांना तोंडपाठ असलेल्या, कुठेही छापल्या न गेलेल्या गोष्टी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायच्या, त्यांचे शब्दांकन करायचे, चित्रे काढून घ्यायची आणि मग त्या शाळेतल्या मुलांपर्यंत न्यायच्या. त्यासाठी एका आजींकडे मी सलग चार दुपारी बसले. मायक्रोफोनची वायर त्यांच्या मांडीवरून जात असे आणि बोलताना त्या ती दोन बोटांत धरून हळूहळू ओढत, त्यामुळे ध्वनिमुद्रणात सतत बारीक खरखर येई. वायर काढून घेतली की त्यांचे बोलणेही अडखळायचे, म्हणून ती खरखर मी राहू दिली. दुसऱ्या दुपारी यंत्र सुरू करण्याआधीच त्यांनी मला थांबवले. “काल मी धाकटीच्या तोंडी जे वाक्य घातलं ना, ते तिचं नाही, थोरलीचं आहे. रात्री लक्षात आलं, मग झोपच लागेना. ते काढून टाक, मी परत सांगते.” त्यांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि थोरलीचे ते वाक्य आले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेल्या. चौथ्या दुपारी मी सामान आवरत असताना त्यांनी विचारले, “ह्या कामाचे तुला पैसे मिळतात का गं?” मी म्हटले, “मिळतात, आजी.” “मग बरं आहे,” असे म्हणून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. पुढे त्यांनी काहीच विचारले नाही.

रात्री जागून आपल्याच मजकुराची दुरुस्ती करणारा माणूस लेखकाचे काम करत असतो. ते काम माझ्यासमोर चार दुपारी चालू होते आणि ज्या कागदाच्या जोरावर मी तिथे बसले होते, त्या कागदावर त्या कामाला जागा नव्हती, कारण ती जागा मी माझ्या हाताने पुसली होती. कथाकथन, कला आणि शिक्षण यांच्यासाठी अनुदान कसे मिळवावे, असे मला आता पुष्कळ जण विचारतात. त्यानंतरच्या वर्षांत मी बरेच अर्ज लिहिले, त्यांतले निम्म्याहून अधिक नाकारले गेले आणि दोनदा निवड समितीवर बसून इतरांचे अर्जही वाचले. या सगळ्यातून जे कळले ते मी सांगते, पण त्या खोडलेल्या ओळीपासून सुरुवात केल्याशिवाय मला ते नीट सांगता येत नाही.

कलेला पैसा कुठून यावा हा प्रश्न जुनाच आहे आणि आपल्या भाषेत त्याची दोन उत्तरे तयार आहेत, राजाश्रय आणि लोकाश्रय. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये अधिपतींचे निधन झाल्यावर भाव्यांना मंडळी घेऊन दौऱ्यावर निघावे लागले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. अनुदान या दोहोंच्या मधले आहे. त्यात देणारा असतो, पण त्याची मर्जी नियमांत बांधलेली असते. लोकही असतात, पण ते प्रेक्षक म्हणून पैसे मोजत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९४० मध्ये, ब्रिटनमध्ये संगीत आणि इतर कलांना उत्तेजन देण्यासाठी एक परिषद उभी राहिली. तिच्यासाठी पहिले २५,००० पौंड पिलग्रिम ट्रस्ट या खासगी न्यासाने दिले आणि मग सरकारने त्यात आपली भर घातली. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स १९४२ पासून तिचे अध्यक्ष होते आणि १९४६ मध्ये तिचेच रूपांतर आर्ट्स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटनमध्ये झाले. पैसा सरकारने द्यावा पण निवड सरकारच्या हातात नसलेल्या मंडळाने करावी, ही रीत तिथून पुढे अनेक देशांनी उचलली. ‘तुम्ही एक रुपया उभा करा, आम्ही एक घालू’ या धर्तीची मॅचिंग ग्रँटही आज इतकी रुळली आहे की अर्जात तिचा रकाना छापूनच येतो.

पैसा शोधायला निघालेला माणूस बहुधा याद्यांपासून सुरुवात करतो. कोणाची मुदत कधी संपते, कोण किती देते, अशा याद्या मीही केल्या आणि त्या भरत असताना आपण काही तरी काम करत आहोत असे समाधान मिळायचे. प्रत्यक्षात यादीचा उपयोग फार थोडा होतो. खरा उपयोग होतो तो देणाऱ्या संस्थेने मागच्या दोन-तीन वर्षांत कोणाला किती पैसे दिले हे वाचण्याचा. संस्थेच्या उद्दिष्टांचे पान आपल्याला तिची इच्छा सांगते. दिलेल्या अनुदानांची यादी तिची सवय सांगते, आणि अर्जाचा निर्णय बहुतेक वेळा सवयीने होतो. अमेरिकेतल्या खासगी न्यासांना दरवर्षी ‘९९०-पीएफ’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते, ते सार्वजनिक असते आणि त्यात दिलेल्या रकमांचा तपशील असतो. फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या संस्थांच्या २०१९ मधल्या विलीनीकरणातून झालेली कँडिड ही संस्था अशी माहिती शोधण्याजोगी करून ठेवते. इतरत्र वार्षिक अहवाल असतात, निकालांची पत्रके असतात, आणि ज्यांना अनुदान मिळाले त्यांच्या पुस्तकांच्या आरंभी ऋणनिर्देश असतात. ऋणनिर्देशाचे पान मी आता नेहमी वाचते. कोणत्या कामाला कोणी हात दिला याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

त्या यादीत मी काही ठरावीक गोष्टी पाहते. सर्वांत लहान रक्कम किती आहे, कारण नवख्या माणसाला बहुधा तिथूनच प्रवेश मिळतो. तीच ती नावे दरवर्षी येतात का, कारण तसे असेल तर जाहिरात खुली असली तरी दार अरुंद असते. आणि पैसा व्यक्तीला मिळतो, प्रकल्पाला मिळतो की संस्थेला, हे तर सर्वांत आधी. अमेरिकेतली, १९२५ मध्ये सुरू झालेली गुगेनहाइम पाठ्यवृत्ती व्यक्तीला मिळते. तिथलीच मॅकआर्थर पाठ्यवृत्ती, जी १९८१ पासून दिली जाते, तिच्यासाठी अर्जच करता येत नाही. नावे इतरांनी सुचवायची असतात. युनेस्कोच्या २००५ च्या करारातून निघालेला सांस्कृतिक विविधतेचा निधी विकसनशील देशांतल्या संस्थांसाठी आहे, एकट्या कलावंतासाठी नाही. ही एवढी एक गोष्ट आधी पाहिली असती तर माझे दोन अर्ज आणि त्यांवर घालवलेले पाच आठवडे वाचले असते. स्वतःची नोंदणीकृत संस्था नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अर्ज करण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. ती संस्था पैसे आपल्या खात्यात घेते, हिशेब सांभाळते आणि त्याबद्दल ठरलेला टक्का ठेवते. हा टक्का आणि निर्णयांचे अधिकार मात्र आधी लेखी ठरवावेत, कारण मैत्रीच्या भरवशावर ठेवलेली ही गोष्ट मैत्री आणि प्रकल्प दोन्ही संपवू शकते.

आमच्यासारख्या कामाची एक खास अडचण अशी की ते कोणत्याच एका रकान्यात मावत नाही. कलेच्या निधीकडे गेले की ते म्हणतात हे शिक्षण आहे, शिक्षणाच्या निधीकडे गेले की ते म्हणतात ही कला आहे, आणि वारशाच्या निधीला गोष्टी हव्या असतात पण शाळा नको असते. यावरचा सोपा उपाय म्हणजे ज्याला जे हवे ते कामात घालणे. तो उपाय मी एकदा केला. एका निधीने अर्ज मागवताना काढलेल्या निवेदनात मुलांच्या संगणक-कौशल्यांवर भर होता म्हणून मी प्रकल्पात संगणकाची सहा सत्रे घातली. अनुदान मिळाले आणि ती सहा सत्रे घ्यावी लागली. मुले पडद्याकडे तोंड करून बसली होती, माझ्या पिशवीत गोष्टींच्या ध्वनिफिती होत्या, आणि सहा सत्रांत एकदाही त्या बाहेर काढायला वेळ मिळाला नाही. पैशापायी काम कसे वाकते हे मी तेव्हा जवळून पाहिले. त्यानंतर मी एक नियम घालून घेतला आहे: एकच काम तीन प्रकारे सांगता येते, पण तिन्ही वेळी कामाचे वेळापत्रक तेच राहिले पाहिजे. भाषेच्या निधीला मी सांगते की या गोष्टींत आज वापरात नसलेले शब्द आहेत. कलेच्या निधीला सांगते की चित्रकार ऐकून चित्र काढतो, वाचून नाही. शिक्षणाच्या निधीला सांगते की मुले गोष्ट ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या शब्दांत सांगतात. यातले काहीही खोटे नाही आणि यातल्या कशासाठीही एकही तास बदलावा लागत नाही. तास बदलावे लागत असतील, तर ते दार आपले नव्हे असे समजून पुढे जावे.

शिक्षण आणि गोष्ट यांच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कामाचा इतिहास मला या बाबतीत नेहमी धीर देतो. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणी निर्मात्या जोन गँझ कूनी यांच्या घरी, कार्नेगी कॉर्पोरेशन या अनुदाने देणाऱ्या न्यासाचे लॉइड मॉरिसेट पाहुणे होते. दूरचित्रवाणीचा उपयोग लहान मुलांना शिकवण्यासाठी होऊ शकेल का, असा प्रश्न त्या संध्याकाळी निघाला. मॉरिसेट यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून, कार्यक्रम सुरू होण्याआधीच, पडद्यावरचे स्थिर चित्र पाहत बसायची, हे त्यामागचे निमित्त होते. त्यानंतर लगेच कोणी कार्यक्रमासाठी पैसे दिले नाहीत. आधी अभ्यासासाठी पैसे मिळाले, आणि कूनी यांनी शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि निर्मात्यांना भेटून अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या बळावर कार्नेगी, फोर्ड फाउंडेशन आणि अमेरिकी सरकारचे शिक्षण कार्यालय यांच्याकडून मिळून सुमारे ८० लाख डॉलर उभे राहिले आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’चे प्रसारण सुरू झाले. मोठ्या रकमेच्या आधी विचार करण्यासाठी लहान रक्कम मागता येते, ही गोष्ट कोणी मला सुरुवातीला सांगायला हवी होती. चार लोकांना भेटणे, दोन गोष्टी ध्वनिमुद्रित करणे, एका वर्गात त्या ऐकवून पाहणे, एवढ्यासाठीही अर्ज करता येतो. मोठा अर्ज लिहिताना मग कल्पनेवर विसंबावे लागत नाही. घडलेले लिहिता येते.

मोजमापाविषयी कलावंतांच्या मनात जी अढी असते ती मला कळते, कारण ती माझ्याही मनात होती. उद्दिष्ट, कृती, फलित आणि पुरावा यांचा जो चौकटींचा तक्ता जगभरचे निधी आज मागतात, त्याचा मूळ आराखडा १९६९ मध्ये अमेरिकी सरकारच्या यूएसएड या विकास-साहाय्य संस्थेसाठी तयार झाला. रस्ते, धरणे, आरोग्य अशा कामांसाठी तो ठीक होता. गोष्ट ऐकून मुलाच्या मनात काय होते हे त्यात कुठे बसवायचे, असा प्रश्न पडतो, आणि मग माणूस सोपी वाट धरून सत्रांची आणि मुलांची संख्या लिहितो. पण त्याच काळात ‘सेसमी स्ट्रीट’च्या संशोधकांनी केलेली एक गोष्ट मी वाचली आणि माझी अढी गेली. ते मुलाला कार्यक्रम दाखवत आणि दूरचित्रवाणी संचाशेजारीच एक स्लाइड प्रोजेक्टर ठेवत, ज्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे चित्र येई. मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी ढळते, हे शेजारी बसलेला माणूस टिपत जाई. जिथे नजर ढळते तो भाग बदलायचा. हे मोजमाप अहवालासाठी नव्हते, कामासाठी होते.

मी आमच्या सत्रांत तसेच काही करू लागले. गोष्ट सुरू असताना माझी सहकारी मागे बसते आणि मुले कोणत्या वाक्याला पुढे सरकतात, कोणत्या वाक्याला खिडकीकडे पाहतात, एवढेच मजकुराच्या समासात लिहिते. दुसऱ्या दिवशी मुले गोष्ट परत सांगतात तेव्हा काय गळले आणि काय वाढले, तेही लिहिते. आजींची ती थोरलीच्या वाक्याची गोष्ट अकरा मुलांनी परत सांगितली आणि अकराही जणांनी ते वाक्य थोरलीच्याच तोंडी ठेवले. निधीला पाठवलेल्या अहवालात मी हे लिहिले. त्या अहवालावर जे एकमेव उत्तर आले, ते याच परिच्छेदाविषयी होते.

आता अंदाजपत्रक. सगळ्याचे सोंग आणता येते, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. निवड समितीवर बसल्यावर मला या म्हणीचा आणखी एक अर्थ उमगला. प्रस्तावाच्या मजकुरात समाज, सहभाग, सन्मान हे शब्द सर्वांनीच लिहिलेले असतात. कोणाला ते खरोखर म्हणायचे आहेत हे आकड्यांच्या पानावर दिसते. एका अर्जात ‘ज्येष्ठ कथाकारांचे ज्ञान’ हा शब्दप्रयोग तीन पानांत सात वेळा होता आणि अंदाजपत्रकात कॅमेऱ्याच्या भिंगासाठी स्वतंत्र ओळ होती, पण कथाकारांसाठी एकही नव्हती. तो अर्ज वाचताना मला त्या लेखकाचा राग आला नाही. मला माझी ती रात्र आठवली.

ही ओळ का गळते, याचा मी बराच विचार केला आहे. यंत्राला दरपत्रक असते, छापखान्याला दरपत्रक असते, प्रवासाचे भाडे ठरलेले असते. ऐकण्याला आणि सांगण्याला दरपत्रक नसते. ज्याला दर नाही ते काम कागदावर प्रेम म्हणून उरते आणि तोंडमिळवणी करताना पहिला हात त्यावरच पडतो. कलेच्या कामात पदरमोड कोणी तरी करतच असते. अंदाजपत्रक फक्त ती कोणाच्या पदराची हे ठरवते. बहुतेक वेळा ती सांगणाऱ्याची असते आणि दुसऱ्या क्रमांकावर अर्ज लिहिणाऱ्याची. अर्जदाराने स्वतःचा वेळही लिहावा, असे मी आग्रहाने सांगते. भेटीची तयारी, वाट पाहण्याचे तास, ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याचे तास हे सगळे लिहावे. एका तासाचे बोलणे कागदावर उतरवायला मला पाच ते सहा तास लागतात, आणि हे न लिहिल्यामुळे पहिल्या वर्षी मी रात्रीमागून रात्री फुकट काम केले. ज्या निधीला प्रशासकीय खर्च चालत नाही तिथेही हे तास कामाचे तास म्हणून मांडता येतात, कारण ते कामाचेच असतात. शिवाय पैसे हप्त्यांनी येतात आणि शेवटचा हप्ता बऱ्याचदा अंतिम अहवाल व लेखापरीक्षित हिशेब दिल्यावर मिळतो. तोपर्यंत छापखान्याचे बिल कोण भरणार, हे अर्ज करतानाच ठरवलेले बरे.

सांगणाऱ्याला पैसे दिले तर गोष्ट बिघडते, असा एक आक्षेप मी ऐकत आले आहे. पैसे मिळतात म्हणून माणूस समोरच्याला आवडेल ते सांगेल, अशी ती भीती. ती खोटी नाही. पण पैसे दिले नाहीत म्हणून पैसा त्या खोलीच्या बाहेर राहतो, असे मला वाटत नाही. महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, अमेरिकी सरकारने बेकार लेखकांना काम देण्यासाठी फेडरल रायटर्स प्रोजेक्ट सुरू केला. राल्फ एलिसन, रिचर्ड राइट, झोरा नील हर्स्टन यांच्यासारख्या नामवंत लेखकांनी त्यात काम केले. त्याच योजनेत १९३६ ते १९३८ या काळात गुलामगिरीतून गेलेल्या वृद्ध माणसांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या. अशी २,३०० हून अधिक कथने आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. सार्वजनिक पैशातून माणसांच्या गोष्टी जपल्या गेल्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. तरीही इतिहासकार ती कथने जपून वाचतात. लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, ऐकवणारे कृष्णवर्णीय, म्हातारे आणि अतिशय गरीब होते, आणि समोर बसलेला हा सरकारी माणूस आपल्याला पेन्शन मिळवून देईल, अशी आशा त्यांच्यापैकी अनेकांना होती. पगार ऐकणाऱ्याला होता. सांगणाऱ्याकडे फक्त आशा होती. न बोललेला पैसा त्या खोलीत बसलेलाच होता आणि कथनावर त्याचे वजन पडत होते.

म्हणून मी पैशाचा विषय आधीच, स्पष्ट आणि लेखी काढते. मानधन वेळेचे असते, गोष्टीचे नाही. गोष्ट लांब असो वा लहान, आम्ही छापो वा न छापो, रक्कम तीच. पहिल्या भेटीला येतानाच ती हातात द्यायची, शेवटच्या भेटीपर्यंत ठेवायची नाही, म्हणजे कोणालाही ती मिळवण्यासाठी काही सांगावे लागत नाही. सांगितलेले पुन्हा ऐकण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि नको वाटल्यास काढून घेण्याचा हक्क सांगणाऱ्याचा. हे सगळे एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि मी ते वाचून दाखवते. पैशाने माणसे अवघडतात हा माझा जुना समज निराधार ठरला. पहिल्यांदा ते पान वाचून दाखवले तेव्हा एका आजोबांनी रक्कम हातात घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, “मग उद्या किती वाजता बसायचं?” त्या आवाजात कामाला जाणाऱ्या माणसाचा आवाज होता.

माणसाच्या वेळेला पैसे द्यावेत, हे मोठ्या पातळीवरही आता मान्य होऊ लागले आहे. आयर्लंडने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची एक प्रायोगिक योजना सुरू केली. पात्र अर्जदारांतून सोडत काढून २,००० कलावंत आणि कलाक्षेत्रातले कामगार निवडले गेले आणि त्यांना तीन वर्षे आठवड्याला ३२५ युरो देण्याचे ठरले. त्यासाठी प्रकल्प दाखवण्याची अट नव्हती. असे निधी थोडे आहेत आणि आपल्याला अजून बराच काळ प्रकल्पांच्याच भाषेत मागावे लागणार आहे, पण त्या भाषेतही तासांची ओळ लिहिता येते.

लोकवर्गणीविषयी थोडेच सांगते, कारण ते वेगळे कौशल्य आहे. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी अडला तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून आवाहन केले, प्रत्येक देणगीदाराचे नाव छापले आणि काही महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली, त्यातल्या बहुतेक देणग्या एका डॉलरहून कमी होत्या. त्यामागे रोज निघणारे वृत्तपत्र होते, हे मात्र विसरू नये. आजही आधीपासून आपले ऐकणारी माणसे असतील तरच वर्गणी जमते. नसतील, तर आधी ती माणसे जोडावी लागतात आणि त्याला अनुदानाइतकाच वेळ लागतो.

नकाराचे पत्र आले की मी दोन दिवस ते उघडून पाहत नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न लेखी विचारते: पुढच्या वेळी कोणता भाग अधिक स्पष्ट असायला हवा? दहांतून तीन जण उत्तर देतात. त्या तीन उत्तरांतून मला कोणत्याही कार्यशाळेपेक्षा अधिक शिकायला मिळाले. एकदा तर त्या उत्तरानंतर वर्षभराने त्याच निधीने त्याच कामाला पैसे दिले.

यंदाचा अर्ज मी गेल्या महिन्यात पाठवला. त्याच्या अंदाजपत्रकात अकरा ओळी आहेत आणि पहिली ओळ ‘गोष्टी सांगणाऱ्यांचे मानधन’ ही आहे. सोळा माणसे, प्रत्येकी चार दुपारी. गेल्या आठवड्यात निधीच्या कार्यालयातून फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी प्रस्ताव मनापासून वाचला होता. रक्कम थोडी खाली आणता आली तर समितीपुढे मांडणे सोपे जाईल, पहिल्या ओळीत काही करता येईल का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना म्हटले की दुसरे ध्वनिमुद्रण यंत्र काढा, जुन्यावर भागवते, रंगीत छपाईऐवजी दोन रंगांत करू, आणि तरीही बेरीज जमत नसेल तर सोळाऐवजी बारा माणसे घेऊ. पण त्या बाराजणांच्या दुपारी पूर्ण ठेवा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “हेच कारण एका परिच्छेदात लिहून पाठवाल का? मी ते अर्जासोबत जोडते.”

काल रात्री तो परिच्छेद लिहायला बसले. सुरुवात जमेना, म्हणून त्या जुन्या ध्वनिमुद्रणातली दुसरी दुपार लावली. आधी वायरची ती बारीक खरखर ऐकू आली, आणि मग आजींचा आवाज: काल सांगितलेले ते वाक्य काढून टाक, मी परत सांगते.